पन्हाळ्यावर बाजीप्रभूंचा पुतळा आहे, म्हणजे लढाई तिथेच झाली का? आणि तबक उद्यान सोडून गडावर काय बघावं?

नाही, लढाई तिथं झाली नाही. पण दोन्ही हातांत तलवारी घेतलेला तो पुतळा बघून बरेच जण तसंच धरून चालतात. मी कोल्हापूरचा असूनही कॉलेजात असताना पुण्याच्या पाहुण्यांना चौथऱ्यापाशी उभं करून "इथंच खिंड लढवली" असं ठोकून दिलं होतं. त्यांच्यातल्या एका पोरानं "मग खिंड कुठाय?" विचारलं आणि माझी बोलती बंद.

खिंड आहे विशाळगडाच्या वाटेवर. तेव्हाची घोडखिंड, आताची पावनखिंड. १३ जुलै १६६० ला बाजीप्रभू तिथं पडले. त्यांची समाधी विशाळगडावर आहे, भाऊ फुलाजींच्या शेजारी.

पन्हाळ्याचा वाटा त्याच्या आदल्या रात्रीचा. सिद्दी जौहरचा वेढा चार महिने उठला नव्हता. राजापूरच्या इंग्रजांनीही त्याला तोफांची मदत केली होती. भर पावसात महाराज गडाबाहेर पडले आणि दुसऱ्या पालखीत महाराज म्हणून बसले शिवा काशीद, पायथ्याच्या नेबापूरचे. पालखी पकडली जाणार हे ठरलेलंच होतं. परत येणं नाही हे माहीत असून ते बसले. त्यांची समाधी पन्हाळ्यातच आहे. माझ्या मते गडाचं खरं वीरस्मारक तेच. गर्दी मात्र बाजीप्रभूंपाशी, सेल्फीला.

आज गाडी थेट वर जाते, कुठला दरवाजा ओलांडल्यासारखं वाटत नाही. कारण या वाटेवरचा 'चार दरवाजा' नावाचा दरवाजा १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर इंग्रजांनी पाडला.

तबक उद्यान झाडीचं, निवांत. पोरं बरोबर असतील तर डबा तिथंच उघडा. मग अंबरखाना बघा. गंगा, यमुना, सरस्वती अशी धान्याच्या कोठारांची नावं. तीन दरवाजा आणि सज्जा कोठी चुकवू नका. वेळ कमी असेल तर बाकीचं सोडा, पण राजदिंडीपर्यंत जाच. महाराज त्या रात्री इथूनच उतरले असं सांगतात. आषाढात धुकं असलं की चार हातांवरचं दिसत नाही, खाली मसाई पठाराकडं नुसतं पांढरं. दर पावसाळ्यात इथूनच लोक पावनखिंडीकडं चालत निघतात. जायचं असेल तर पायात चांगली पकड असलेले बूट घाला, चिखल घोट्याच्या वर येतो.