हेडलाइटच्या काचेत जाळी का पडली?

प्रश्न : डांबराचे शिंतोडे काढायला हेडलाइटवर पेट्रोलचा बोळा फिरवला. दोन दिवसांनी कडेला केसासारख्या चिरा दिसू लागल्या. पॉलिशने जातील का?

उत्तर : नाही. आजच्या बहुतेक गाड्यांत ती काच नसून पॉलिकार्बोनेट प्लास्टिक असतं. साच्यात घडताना त्यात ताण राहून जातो, कोपऱ्यांत आणि बसवणीच्या जागी जास्त. पेट्रोल, थिनर, अ‍ॅसिटोन आत शिरले की नेमकं तिथेच ते फाटतं. पॉलिश वरचा पिवळेपणा काढतं. चिरा खोल असतात. वाढल्या तर दिवाच बदलावा लागेल.

मागच्या दिव्यांचं प्लास्टिक बहुधा अ‍ॅक्रिलिक असतं. त्याला स्पिरिटही सोसत नाही, तेव्हा सॅनिटायझर लावूच नका. इंजिन धुण्याचं कडक डिग्रीजर उडालं तर वाळण्याआधी भरपूर पाणी मारा.

डांबरावर कापसाने गोडं तेल लावून 10 मिनिटं थांबा. डाग मऊ पडून तपकिरी ओघळ सुटतो. तो न घासता टिपून घ्या. मग कार शाम्पूच्या पाण्याने, मायक्रोफायबर फडक्याने धुवा. दिवा मात्र पूर्ण थंड हवा, गाडी सावलीत हवी. कोरडं फडकं कधीच नको : धुळीने वरचा संरक्षक थर ओरखडतो आणि मग उन्हाने प्लास्टिक पिवळं पडतं.