भट्टी घेण्याआधी वीस कपांचा हिशेब

तुम्ही विचारलंय की, दीड वर्ष शनिवार-रविवार कुंभाराच्या चाकावर बसतेय, कॉफीचे कप 350 रुपयांना विकतेय, लोक आवडीने घेतात. तर आता स्वतःची भट्टी घ्यावी का आणि नोकरी अर्धवेळ करावी का? मी पुण्यात नोकरी सांभाळून अकरा वर्षं स्टोनवेअर, म्हणजे जास्त आचेवर भाजलेली घट्ट मातीची भांडी, करतेय. माझ्या मते भट्टी इतक्यात नको. 350 तर मुळीच नको.

किमतीपासून सुरू करते, कारण बहुतेक जण तिथेच दमतात. आपण चाकावरचा वेळ धरतो आणि पुढचा विसरतो. माझ्या वीस कपांचं गणित असं : माती मळून कप काढायला 3 तास, दुसऱ्या दिवशी बूड खरवडून कान जोडायला 4, ग्लेझला, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप द्यायला 2, भट्टी भरायला-उतरवायला 2, फोटो, निरोपांना उत्तरं आणि पॅकिंग मिळून 3. झाले 14 तास. वीसमधले तीन कुठेतरी जातातच. कधी कानाला तडा, कधी ग्लेझ ओघळून शेल्फला चिकटतं. विकण्याजोगे उरतात 17. ताशी 200 रुपये धरले तरी प्रत्येक कपावर 165 रुपये मजुरी बसते. माती, ग्लेझ आणि दोनदा भाजणं मिळून माझ्याकडे साधारण 106, खोका आणि कागद 45. म्हणजे 316 रुपयांना कप मला पडतो. हाच कप दुकानात ठेवला आणि दुकानदाराने 40 टक्के घेतले, तर 350च्या कपाचे हातात येतात 210. प्रत्येक कपामागे शंभराच्या वर आपण खिशातून घालतो. म्हणून मी 550च्या खाली जात नाही. तुमचे आकडे वेगळे निघतील, पण ते मांडाच.

‘कुंभारवाड्यात एवढ्यात डझनभर येतील’ असं ऐकावं लागेल. रागावू नका. कुंभाराचा हात आपल्यापेक्षा कितीतरी सरावलेला असतो. फरक मातीचा आणि आचेचा आहे. त्यांची माती कमी आचेवर भाजतात, ती सच्छिद्र राहते, म्हणूनच माठात पाणी गार होतं. आपण 1220 अंशांच्या आसपास जातो. तिथे माती घट्ट मिटते. गिऱ्हाइकाला हे दोन वाक्यांत सांगता आलं की घासाघीस बरीच कमी होते.

आता माझी एक चूक. तिसऱ्या वर्षी दिवाळीभेटीसाठी 40 कपांची ऑर्डर आली, 300 मिलीचे. मी ओल्या मातीतच 300 मिली मोजून कप काढले. माझी माती भाजून 12 टक्के आक्रसते हे पाठ होतं, पण ते लांबी-रुंदी-उंची तिन्हीकडे आक्रसतं याचा विचारच केला नाही. भट्टीतून निघाले जेमतेम 200 मिलीचे. सगळे पुन्हा केले, रजा टाकून. आता 300 हवे असतील तर ओला कप 440चा काढते.

दिवाळीच्या ऑर्डरी श्रावण-भाद्रपदात येतात, तेव्हा आपल्याकडे काही वाळत नाही. कप बाहेरून कोरडा दिसतो, आत ओल असते. गालाला लावून बघा, गार लागला तर अजून ओला आहे. तसाच घाईने तापवला तर आतल्या पाण्याची वाफ होऊन तो फुटतो आणि शेजारच्यांनाही घेऊन जातो. पंख्याखाली वाळवला तर कानाचा जोड उकलतो. म्हणून मी एप्रिल-मेमध्ये कप काढून पहिली भाजणी उरकून ठेवते. भाजलेल्या कपाला पुन्हा कच्ची माती होण्याचं भय नाही. पावसाळ्यात फक्त ग्लेझ आणि दुसरी भाजणी.

भट्टीचं म्हणाल तर सहा किलोवॅटची लहान भट्टीसुद्धा 26 अँपिअर ओढते. घरातल्या 16च्या प्लगवर ती चालत नाही. वेगळी वायरिंग आणि मंजूर भार वाढवून घेणं आलं. तोवर भाड्याने भाजून देणाऱ्या स्टुडिओत द्या. महिन्याला दोन भट्ट्या भरतील एवढा माल सलग सहा महिने विकला गेला, की मग घ्या. नोकरीला त्याआधी हात लावू नका.

दोन गोष्टींत मात्र तडजोड नको. ग्लेझमध्ये काय आहे ते विकणारा सांगत नसेल तर ते जेवणाच्या भांड्यांना लावू नका. शिसं असू शकतं. स्वतःच्या ग्लेझवर लिंबाची फोड रात्रभर ठेवून बघा. आपल्याकडे कोकम, चिंच, लोणचं सगळं त्याच भांड्यात जाणार. सकाळी रंग उतरलेला दिसला तर ते ग्लेझ फक्त फुलदाणीला. आणि स्टुडिओत कोरडा झाडू कधीच नको, ओल्या फडक्यानेच पुसा. वाळलेल्या मातीची धूळ फुप्फुसात बसते. तुमच्या घरी लहान मूल आहे असं लिहिलंय, म्हणून मुद्दाम सांगतेय.

येत्या शनिवारी वीस कपांना बसाल तेव्हा मळण्यापासून खोका चिकटवेपर्यंतचे तास वहीत लिहा. ते आकडे मला कळवा, किंमत मिळून ठरवू.