टाइमपासवाला आणि सिरियसवाला

"मॅडम, मोबाइलवरचा गेम दिवसाला किती तास चालेल तेवढं सांगा. आम्ही तेवढेच देतो."

मी समुपदेशक. औषधाचा डोस विचारावा तसा हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी माझ्यासमोर येतो. पूर्वी मीही आकडा सांगायचे. रोज एक तास, सुटीला दोन. आईवडील तो वहीत लिहून घ्यायचे आणि पंधरा दिवसांनी तीच तक्रार घेऊन परत यायचे. आकडा सांगायचं मी का सोडलं, त्याची ही गोष्ट. नावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

दोन जावा एकत्र आल्या होत्या. सांगलीजवळचं एकत्र कुटुंब. थोरलीचा अथर्व सतरा वर्षांचा, बारावीला. धाकटीचा ओम पंधराचा, दहावीला. तक्रार अथर्वची. रात्री नऊ ते अकरा दार बंद, कानाला हेडफोन, मधूनच "अरे रिव्हाइव्ह दे की!" असं किंचाळणं. जेवायला हाक मारली की "दोन मिनिटं", आणि त्या दोन मिनिटांची वीस व्हायची. मागच्या महिन्यात तर फोन भिंतीवर आपटला.

"आमचा ओम तसला नाही. तो आपला जाता येता टाइमपास खेळतो," धाकट्या जाऊबाई म्हणाल्या. थोरलीनं मान खाली घातली. तेव्हाच माझ्या लक्षात आलं, की निम्मं दुखणं गेमचं नाही, या तुलनेचं आहे.

अथर्व पहिल्या भेटीत हाताची घडी घालून बसला. फोन काढून घेणारी आणखी एक बाई, एवढीच माझी ओळख. मी विचारलं, "टीममध्ये तू काय करतोस?"

"आयजीएल आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे कॅप्टन. कुठं उतरायचं, गाडी कधी काढायची, कुठलं घर धरायचं, मी सांगतो."

मग तो अर्धा तास बोलला. बीजीएमआय या मोबाइलवरच्या लढाईच्या गेममध्ये शंभर जण उतरतात, खेळायचं सर्कल लहान लहान होत जातं, चौघांचा स्क्वॉड असतो, दोन बोटांनी खेळणारा आणि चार बोटांच्या 'क्लॉ'नं खेळणारा यांत किती फरक पडतो, स्क्रिम्स म्हणजे सरावाचे सामने. ओमचा विषय निघाल्यावर हसला. "तो कॅज्युअल आहे, मॅडम. तीन मिनिटांचं क्लॅश रोयाल खेळतो." न्हाणीघरात गुणगुणणाऱ्याबद्दल गवयानं बोलावं, तसा सूर होता. एक गोष्ट त्यानं पुढच्या भेटीत स्वतःहून कबूल केली. अठराखालच्यांना या गेममध्ये दिवसाला तीन तासांची मर्यादा आहे, म्हणून खातं वडिलांच्या जन्मतारखेवर उघडलेलं. आई हे ऐकून आधी चिडली, मग म्हणाली, "बाबांचा वाढदिवस याला पाठ आहे, हेच मला नवीन."

दोघांनाही मी एकेक वही दिली. चार रकाने: कधी उघडला, कशासाठी उघडला, कधी बंद करायचं ठरवलं होतं, कधी बंद केला. आठ दिवस. आयांनी तोवर अवाक्षर काढायचं नाही. ही अट त्यांना सगळ्यांत जड गेली.

वह्या आल्या तेव्हा मीही चकित झाले. अथर्वचे आठवड्याचे सोळा तास. त्यातले तीन-चार तास नुसते हरलेल्या मॅचचे रिप्ले बघण्यात. ठरवलेली वेळ आणि बंद केल्याची वेळ यांत फारसा फरक नव्हता, कारण अकराला सगळा स्क्वॉडच उठत होता. ओमचे एकोणीस तास. दहा-दहा मिनिटांचे तुकडे, दिवसात पंधरा-सोळा वेळा. 'कशासाठी' या रकान्यात "असंच", "बाबा ओरडले", "भूमिती", "असंच", "असंच". आणि 'कधी बंद करायचं ठरवलं होतं' हा रकाना आठही दिवस कोरा.

"ओम, हरलास की काय वाटतं?"

"काही नाही. परत खेळतो."

"आणि जिंकलास की?"

"काही नाही. परत खेळतो."

"मग थांबतोस कधी?"

"चार्जिंग संपलं की."

इतक्या वर्षांत इतकं प्रामाणिक उत्तर मला क्वचितच मिळालंय. (कँडी क्रशचा एक जीव परत भरायला अर्धा तास लागतो आणि त्या अर्ध्या तासात घड्याळाकडे बघत बसलेली मी स्वतःच एकदा मला सापडले होते. त्यामुळे ओमला हसायचा अधिकार मला नाही.)

टाइमपासवाला निरुपद्रवी आणि सिरियसवाला वाया गेलेला, ही घराघरातली वाटणी मुळातच चुकीची आहे. मन लावून खेळणारा पोरगा शिकत असतो, हरण्याचा हिशेब मांडतो, चार जणांना सोबत घेऊन चालतो. वेळ घालवायला खेळणारा बहुतेक वेळा आनंदात असतो, पण कधीकधी तो कशापासून तरी पळत असतो, आणि पळणाऱ्याला तास मोजायला सांगून उपयोग नाही. ओम भूमितीपासून आणि वडिलांच्या आवाजापासून पळत होता. हे त्याच्या आईला पटायला तीन भेटी लागल्या.

म्हणून अथर्वला मोकळं सोडलं, असं नाही. फोन भिंतीवर आपटलेला होताच. 'असं व्हायलाच हवं' हा हट्टच माणसाला छळतो, असं सांगणाऱ्या मानसतज्ज्ञ अल्बर्ट एलिसच्या विचारांत मी घडलेली. पंचवीस वर्षं माणसांच्या बोलण्यातला 'च' हा एकाक्षरी प्रत्यय ऐकत आलेय. तो त्याच्याही बोलण्यात आला.

"सीझन संपायच्या आत कॉन्करर व्हायलाच हवं मला."

कॉन्करर म्हणजे सर्व्हरवरचे पहिले पाचशे. मी कागदावर दोन वाक्यं लिहिली. 'मला कॉन्करर व्हायलाच हवं.' 'मला कॉन्करर व्हायचं आहे.' मोठ्यानं वाचायला सांगितली.

"दुसऱ्यात दम नाही," तो म्हणाला. "असं म्हणणारा कॅज्युअलच राहणार."

हा मुद्दा मला आवडला. हाच आक्षेप मला गाण्याच्या परीक्षेची मुलगी घेते, सीएचा विद्यार्थी घेतो. 'च' काढला की जिद्द जाते, अशी भीती सगळ्यांना असते. वाद न घालता मी विचारलं, "तुमच्यात सगळ्यांत चांगला खेळणारा कोण?"

"केदार. डोळे झाकून."

"तो हरल्यावर काय करतो?"

"रिप्ले बघतो. तिथल्या तिथं."

"आणि तू?"

"मीपण बघतो." मग तो थांबला. खिडकीबाहेर कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती चालू होऊन निघून गेली तरी हा गप्पच. अशा वेळी समुपदेशकाची जीभ फार वळवळते. माझीही वळवळली, पण मी ती दाताखाली धरली. आणि मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "ज्या दिवशी फोन आपटला ना, त्या मॅचचा रिप्ले मी अजून बघितला नाही."

"का?"

"बघवत नाही."

पुढं मला काही बोलावंच लागलं नाही. त्यानं कागद ओढून घेतला, पहिल्या वाक्यातला 'च' पेनानं गिरवून काळा केला आणि म्हणाला, "केदारला हरलेलं बघवतं. म्हणून तो भारी आहे." कॉन्करर व्हायचंय आणि नाही झालो तरी मी तोच, हे मी दहा सत्रांत समजावलं असतं. त्यानं ते आपल्याच भाषेत, आपल्याच मित्रावरून शोधलं. त्या दिवशी घरी जाताना मी खुशीत होते, कबूल करते.

आता तुमचा प्रश्न, किती तास. जागतिक आरोग्य संघटनेनं आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर' घेतला, ते वर्गीकरण 1 जानेवारी 2022 पासून लागू आहे. त्यातही तासांचा आकडा नाही. ताबा सुटणं, बाकी सगळ्या गोष्टींच्या वर गेम जाणं, नुकसान दिसत असूनही चालूच ठेवणं, आणि हे सगळं साधारण बारा महिने, अभ्यास-नाती बिघडतील इतक्या थराला, असं तिथं पाहिलं जातं. या दोघांपैकी कुणीही त्यात बसत नव्हता. तुमचा मुलगा बसतोय असं वाटलं, तर शेजारणीला न विचारता मनोविकारतज्ज्ञाकडे जा. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत तर यासाठी 2014 पासून वेगळं क्लिनिक आहे.

घरात एक बदल मात्र आजपासून करता येईल. मिनिटं मोजू नका, मॅच मोजा. ऑनलाइन मॅचला पॉज नसतो. एक पूर्ण मॅच साधारण अर्धा तास चालते आणि मध्येच उठणं म्हणजे तिघांना उघड्यावर टाकून जाणं. 'आत्ताच्या आत्ता बंद कर' ही आज्ञा त्याला पाळताच येत नाही, मग खोटी दोन मिनिटं जन्माला येतात. दोन मॅच ठरवल्या तर तो शब्द पाळू शकतो. तीन मिनिटांच्या गेमवाल्याला हे लागू नाही. त्याला उघडण्याआधी 'कशासाठी' लिहायला लावा, आणि 'असंच' चालणार नाही म्हणून सांगा. करिअरचं विचाराल, तर 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्सला पदकं होती हे खरं, पण कॉन्करर पाचशेच असतात हेही अथर्वला माझ्याआधी ठाऊक होतं. जानेवारीपासून त्यानं स्क्रिम्स फक्त रविवारी ठेवले, न सांगता.

ओमचं इतकं सरळ झालं नाही. भूमितीसाठी अथर्वच त्याला शिकवायला बसला, वडील दोनदा येऊन गेले, तिसऱ्यांदा आले नाहीत. वही अजून चालू आहे. "असंच" कमी झालंय, गेलेलं नाही.

परवा थोरल्या जाऊबाईंचा फोन आला होता, भाचीसाठी वेळ हवी होती. बोलता बोलता त्यांनी आत हाक मारली, "कितवी रे?"

"शेवटची. सर्कल लहान झालंय."

"बरं, मग पोळ्या टाकायला घेते," त्या म्हणाल्या, आणि आमचं बोलणं तिथंच राहिलं.