आधी तो नेमका कुठे आहे ते शोध

प्रिय,

काल रात्री फोनवर तुझा मित्र तुरुंगात आहे हे सांगताना तुझा आवाज अगदी खाली गेला होता, शेजारच्या खोलीत कोणी ऐकत असल्यासारखा. तीन दिवस तू कोणाला काही बोलला नाहीस, आणि तुरुंगाच्या ऑनलाइन यादीत त्याचं नावही सापडत नाही म्हणालास. फोनवर मी तुटक सांगितलं, ते आता सावकाश लिहिते. आपल्याकडून शिकायला आलेल्या मुलांना तुरुंगात भेटायला मी इथे केंटकी राज्यात बऱ्याच वेळा गेले आहे, आणि दर वेळी सगळ्यात जास्त वेळ गेला तो शरमेपोटी गप्प बसण्यात. तू बोललास हे फार बरं केलंस.

केंटकीत १२० काउंट्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे भाग, आहेत आणि सगळ्यांकडे स्वतःचा तुरुंग नाही. लहान काउंटीत पकडलेल्या माणसाला शेजारच्या काउंटीत नेऊन ठेवतात. म्हणून पोलिसांनी त्याला जिथे पकडलं तिथेच तो असेल असं धरून बसू नकोस. दुसरं म्हणजे, बहुतेक राज्यांत काउंटी जेल शेरिफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, हाताखाली असतो. इथे मात्र जेलर, म्हणजे तुरुंगाचा प्रमुख, हे वेगळं पद आहे, लोक मतं देऊन त्याला निवडतात. शेरिफच्या ऑफिसात ‘आमच्याकडे माहिती नाही’ असं ऐकलंस तर ते तुला टाळत असतील असं नाही. तुरुंग ‘डिटेन्शन सेंटर’ या नावाने शोध आणि थेट तिथे फोन कर. बुकिंग, म्हणजे तुरुंगात नोंद, व्हायला काही तास जातात, पण तीन दिवसांनी तरी नाव दिसायला हवं.

दिसत नाही याचं कारण बहुधा आपल्या नावांत आहे. पासपोर्टवर मुलाच्या नावापुढे वडिलांचं नाव असतं, मग आडनाव. घाईत टाइप करणारा कधी वडिलांचं नावच आडनाव धरतो. एका मुलाला आम्ही दोन दिवस शोधत होतो आणि तो यादीत पहिल्यापासून होता, वडिलांच्या नावाखाली. ज्यांच्या पासपोर्टवर एकच नाव असतं त्यांच्या व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ (‘फर्स्ट नेम अननोन’, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही) छापतात, तीच अक्षरं यादीतही येऊ शकतात. म्हणून पूर्ण नाव टाकू नकोस. आडनावाची पहिली तीन अक्षरं टाकून बघ, मग वडिलांच्या नावाची, आणि तरीही नसेल तर अटकेच्या तारखेची सगळी नावं वरून खाली वाच. सापडला की बुकिंग नंबर, जामिनाची रक्कम आणि कोर्टाची तारीख वहीत लिहून घे. यादीतल्या त्याच्या फोटोचा स्क्रीनशॉट कोणालाही पाठवू नकोस, जवळच्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही नको. त्याच्यावर फक्त आरोप आहे.

‘व्हाइन’ नावाची सेवाही वापर. ती केंटकीतल्याच आमच्या लुईव्हिल शहरात सुरू झाली, १९९४ साली. मेरी बायरन नावाच्या तरुणीवर अत्याचार करणारा माणूस तुरुंगातून सुटला, तिला कोणी कळवलं नाही, आणि त्याने तिला ठार मारलं. त्यानंतर पीडितांना सुटकेची खबर मिळावी म्हणून ही सोय उभी राहिली. तिथे कोणालाही नाव शोधता येतं, आणि एका काउंटीतून दुसरीकडे हलवलेला माणूस मला तिथेच सापडला आहे.

यादीत ‘सुटला’ असं दिसलं आणि त्याचा फोन मात्र बंद असला, तर इमिग्रेशनवाल्यांनी, म्हणजे आइसने, ताब्यात घेतलं असण्याची शक्यता धर. आइस काही काउंटी तुरुंगांत जागा भाड्याने घेते, त्यामुळे इमारत तीच आणि हिशेब वेगळा असंही होतं. त्यांची शोधयादी निराळी आहे. तिथे ए-नंबर (इमिग्रेशन खात्याने दिलेला नोंद क्रमांक) आणि जन्मदेश लागतो, किंवा पूर्ण नाव आणि जन्मदेश. नावाचं स्पेलिंग त्यांच्या नोंदीशी अक्षर न अक्षर जुळावं लागतं.

आता भेटीचं. फोन करून विचार की भेट काचेपलीकडून आहे की व्हिडिओवर. हल्ली बऱ्याच लहान तुरुंगांत समोरासमोर भेट उरलेली नाही. इतक्या लांब गाडी चालवून जायचं आणि लॉबीतल्या पडद्यासमोर बसायचं, माणूस भिंतीपलीकडे! हे मला कधीच पटलेलं नाही, तरी जा. तुझं नाव त्याने आतून भेटीच्या यादीत घालायला लागतं का, वार त्याच्या पॉडप्रमाणे (तुरुंगातल्या विभागाप्रमाणे) ठरतो की आडनावाप्रमाणे, तेही विचारून घे. आणि घड्याळ. केंटकीत घड्याळाच्या दोन वेळा चालतात, पूर्वेकडे पश्चिमेपेक्षा एक तास पुढे. मी पश्चिमेकडच्या वेळेत येणाऱ्या बोलिंग ग्रीन गावात असताना एकाला भेटायला पूर्वेकडच्या काउंटीत गेले. भेट एकला होती. माझ्या घड्याळात एकला वीस मिनिटं कमी असताना निवांत पोचले, तर तिथे पावणेदोन वाजत आले होते. तो पोरगा वीस मिनिटं काळ्या पडद्यासमोर बसून आत गेला होता, आणि पुढची भेट आठवड्याने. त्याच्या आईला फोनवर ते सांगताना मला जे वाटलं ते तुझ्या वाट्याला येऊ नये.

समोर आला की तो आधी तुझा चेहरा वाचेल. रिसीव्हर उचल, वायर आखूड असते, पुढे वाकून बस. जेवतोस का, झोप लागते का, थंडी वाजते का, हे विचार. शाकाहारी आहे म्हणालास, तर जेवणासाठी लेखी विनंती द्यायला सांग. तोवर कमिसरीतून, म्हणजे तुरुंगातल्या दुकानातून, काहीबाही घेता यावं म्हणून त्याच्या तुरुंगातल्या खात्यात थोडे पैसे टाक. घटनेबद्दल मात्र एक शब्द नको. फोन आणि भेटी रेकॉर्ड होतात, आणि मराठीत बोललं तर कोणाला कळणार, असं समजू नकोस. दुभाषा मिळतो. त्याने सांगायला सुरुवात केली तर मध्येच थांबव आणि म्हण, ‘हे वकिलाला सांग.’

वकील परवडत नसेल तर सरकारी वकील मागणं हा त्याचा हक्क आहे, १९६३ च्या गिडियन खटल्यापासून. पण त्या वकिलाला पहिल्याच भेटीत सांगायला लाव की मी स्टुडंट व्हिसावर आहे. गुन्हा कबूल करून लवकर सुटणं सोपं वाटतं, आणि त्यात देशात राहण्याचा हक्क जाऊ शकतो. याच केंटकीतल्या पडिया खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये ठरवलं की हा धोका अशिलाला सांगणं वकिलाचं कर्तव्य आहे. भारतीय दूतावासाचंही लक्षात ठेव. काही देशांच्या नागरिकाला पकडलं की दूतावासाला आपोआप कळवावं लागतं. भारत त्या यादीत नाही. त्याने स्वतः मागणी केली तरच कळवतात. मागावी की नाही हे त्याचं त्याने ठरवू दे, पण अशी मागणी करता येते हे त्याला माहीत हवं.

पैशांबाबत सावध राहा. जामीन भरून देणारे खाजगी एजंट केंटकीत १९७६ पासून बंद आहेत. त्यामुळे ‘मी बॉण्ड एजंट बोलतोय’ किंवा ‘जेलमधून बोलतोय, गिफ्ट कार्डचे नंबर द्या’ असा फोन आला तर सरळ ठेवून दे. रक्कम कुठे आणि कशी भरायची ते कोर्टाच्या क्लार्ककडून तू स्वतः विचारून घे.

राहिले त्याचे आईवडील. तू परस्पर कळवू नकोस. भेटीत त्याला विचार, ‘घरी कोण सांगणार, आणि काय सांगायचं?’ तो तुझ्यावर सोपवेल असं मला वाटतं. तसं झालं तर आधी माझ्याकडे ये, फोन आपण दोघं मिळून लावू. त्यांच्याकडे सकाळ असेल अशी वेळ धरू, म्हणजे पुढचा अख्खा दिवस त्यांना माणसांत काढता येईल.

भेट शनिवारी मिळाली तर मी गाडी घेऊन येते, तू एकटा जाऊ नकोस. ओळख दाखवायला तुझा मूळ पासपोर्ट घे, फोटोकॉपी चालत नाही. हुडी नको, बाह्यांचा साधा शर्ट घाल. फोन गाडीत ठेवावा लागेल, म्हणून त्याच्या बहिणीचा निरोप आदल्या रात्रीच पाठ करून ठेव.

तुझी,
काकू