पाणी वाचतं, पण घाण कुठे जाते ते आधी विचारा

आरएएसमध्ये, म्हणजे टाकीतलं पाणी गाळून पुन्हा पुन्हा वापरणाऱ्या मत्स्यपालनात, ९० ते ९९ टक्के पाणी फिरवून वापरलं जातं, मग ही पद्धत पर्यावरणाला निर्धोक म्हणायची का, असं तुम्ही विचारलंय. सरसकट नाही. पाणी आणि जागा वाचते, मासे निसटून नदीत जात नाहीत, हे फायदे खरेच आहेत. पण घाण नाहीशी होत नाही, ती एका जागी गोळा होते.

खाद्यापासून हिशेब धरा. ४० टक्के प्रथिनं असलेल्या १ किलो खाद्यात साधारण ६४ ग्रॅम नायट्रोजन असतो. मासा त्यातला जेमतेम तिसरा हिस्सा अंगी लावतो; उरलेला पाण्यात, बहुतेक कल्ल्यांवाटे अमोनिया होऊन. बायोफिल्टर, म्हणजे जिवाणू पोसणारी गाळणी, तिच्यातले जिवाणू अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. मासा वाचतो, नायट्रोजन मात्र पाण्यातच राहतो. पाणी बदललंत की तो ओढ्यात. तो घालवायला डीनायट्रिफिकेशनची, म्हणजे नायट्रेटचा वायू करून हवेत सोडणारी, वेगळी टाकी लागते, आणि खर्च कमी करायचा म्हटलं की सगळ्यात आधी तीच आराखड्यातून गळते. याचं मला फार वाईट वाटतं.

फॉस्फरस बराचसा गाळातून जातो, म्हणून गाळ अख्खा पकडणं महत्त्वाचं. सुरुवातीला मी टाकीतलं पाणी थेट पंपातून नेत होतो. विष्ठेची लांबट दोरी पंपाच्या पात्यांत सापडली की तिचं पीठ होतं. मग ती ना तळाला बसते ना ड्रम फिल्टर या फिरत्या गाळणीच्या जाळीत अडकते. मधल्या निचऱ्यातून पाणी उताराने आधी फिल्टरला नेलं, पंप फिल्टरच्या नंतर ठेवला, तेव्हा बॅकवॉशच्या, म्हणजे जाळी धुतलेलं पाणी बाहेर नेणाऱ्या, नळीतून पहिल्यांदा दाट तपकिरी गाळ येताना पाहिला. गोड्या पाण्याचा असा गाळ कंपोस्टला चालतो. खाऱ्या पाण्याचा शेतात टाकू नका, जमीन खारावते. आणि साठवून तर ठेवूच नका: काळा पडून कुजक्या अंड्यांचा वास आला की हायड्रोजन सल्फाइड झालाच, तो माशांना मारतो आणि माणसालाही.

दुसरं ओझं विजेचं. पंप आणि ब्लोअर (पाण्यात हवा सोडणारं यंत्र) रात्रंदिवस चालतात. वीज कोळशाची असेल तर पाण्यात वाचवलेलं धुरातून जातं. पाणी निम्म्याच उंचीवर चढवावं लागलं, तर योग्य पंप निवडल्यावर त्याची वीजही जवळपास निम्मी होते.

आराखडा करणाऱ्याकडून पंपाचा हेड (पाणी किती उंच चढवायचं ते) आणि गाळाची रोजची वाट आधी कागदावर घ्या. टाक्या किती, ते त्यानंतर.