जास्वंदीवरची हिरवी कोळीण

प्रश्न : आमच्या परसात जास्वंदीच्या फांदीला एक हिरवागार कोळी गेले १२ दिवस चिकटून बसलाय, खाली मातकट-पिवळी पुडी आहे, काडीने डिवचलं तरी पळत नाही उलट पाय उगारतो. सासूबाई म्हणतात झाडूने उडव, पिल्लं झाली की घरभर होतील. देवाची फुलं काढताना हात नेमका तिथेच जातो, विषारी असला तर?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : ताई, पहिलं म्हणजे तो नाही, ती आहे, आणि काडी आजपासून बंद! वर्णनावरून ही हिरवी लिंक्स कोळीण वाटते, पायांवर काळे काटे आहेत का बघा. ही शिकारीसाठी जाळं विणत नाही, पानात दबा धरून किड्यावर झडप घालते, म्हणून एरवी नजरेस पडत नाही. पुडीत अंडी आहेत. पहारा कोणापासून म्हणाल तर मुंग्या, आणि एकदम बारीक गांधीलमाश्या, त्या दुसऱ्याच्या पुडीत आपली अंडी घालतात आणि त्यांच्या अळ्या आतला ऐवज फस्त करतात. म्हणून ही हलत नाही. जवळ आलेला किडा खाईल, पण लांब जाणार नाही, तिचं पोट खपाटीला गेलेलं दिसेल.

पिल्लं अंड्यातून निघाली तरी एकदा कात टाकेपर्यंत पुडीतच राहतात, मग आई पुडी उसवायला मदत करते, काही दिवस सगळी तिथेच घोळक्याने. त्यानंतरची गंमत सासूबाईंना आवर्जून दाखवा, पिल्लू पोट वर करून रेशमाचा धागा हवेत सोडतं आणि वाऱ्याबरोबर गेलं शेजाऱ्यांच्या पोफळीत. तुमच्या घरात त्यांना काय मिळणार?

विष आहे, पण ते किड्यांपुरतं. बोटच खुपसलंत तर चावेल, दुखेल, बाकी घाबरण्यासारखं नाही. फांदीला लाल चिंधी बांधा, फुलं दुसऱ्या बाजूची काढा, फवारणी अजिबात नको. सकाळी हातभर लांबून मोबाईल झूम करून रोज एक फोटो काढा, तारखेसकट.

मी शहाणपणा शिकवतोय खरा, पण पडवीतली मोठी चपटी कोळीण मीच एकदा कुंच्याने मारली, नंतर बघतो तर पोटाखाली पांढरी टिकली धरलेली, ती तिची अंडी. झुरळं खाणारी बाई गेली आणि झुरळं राहिली.

आणि हो, पुडीतून पिल्लांऐवजी बारीक माश्याच बाहेर पडल्या तर तोही फोटो पाठवा.