पायथन शिकताना कोड स्टाइल आणि डॉकस्ट्रिंगकडे आत्ताच लक्ष द्यावं का?

तुमचे अजून लूपच चालू आहेत, आणि पेप ८ (कोड कसा मांडायचा याचे नियम), डॉकस्ट्रिंग (फंक्शनमध्येच लिहिलेली त्याची माहिती) वगैरे आत्ता शिकायचं की नोकरी लागल्यावर बघायचं, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते स्टाइलपायी फार जीव काढू नका, डॉकस्ट्रिंग मात्र आजपासून लिहा.

पेप ८ हा पायथनचा २००१ सालचा स्टाइल गाइड. चार स्पेसचं इंडेंटेशन, ७९ अक्षरांपर्यंतची ओळ, असले नियम त्यात आहेत. एकदा वाचून ठेवा, पाठ करू नका. स्पेस आणि ओळी नीट लावायचं काम ब्लॅकसारखं टूल एडिटरला जोडलंत, तर फाइल सेव्ह करतानाच उरकतं (फक्त ते ओळ ८८ पर्यंत जाऊ देतं). टूलला जमत नाही ते चांगलं नाव देणं. फंक्शनला 'काम२' आणि व्हेरिएबलला 'क्ष' म्हटलंत, तर पंधरा दिवसांनी स्वतःचाच कोड परका वाटेल.

आता डॉकस्ट्रिंग. फंक्शनच्या पहिल्या ओळीखाली तिहेरी अवतरणचिन्हांत लिहिलेला मजकूर म्हणजे डॉकस्ट्रिंग. तिथे 'हे फंक्शन बिल काढते' एवढंच लिहून थांबलात तर फारसं काही साधत नाही, ते नावावरूनही कळतं. त्याखाली उदाहरण द्या:

>>> एकूण_बिल(100, 18)
118.0

म्हणजे शंभर रुपयांवर १८ टक्के कर. (हो, पायथन ३ ला देवनागरी नावं चालतात. कोडमधले आकडे मात्र इंग्रजीच लागतात.) पायथनसोबतच येणारं डॉकटेस्ट नावाचं मॉड्यूल ही उदाहरणं शोधून खरोखर चालवतं आणि उत्तर ताडून बघतं. उद्या तुम्ही हिशोब बदललात आणि उदाहरण तसंच राहिलं, तर 'एक्स्पेक्टेड'खाली जुनं उत्तर आणि 'गॉट'खाली नवं, असं लगेच समोर येतं. सगळं बरोबर असेल तर ते काहीच छापत नाही. नवीन माणसाला वाटतं, चाललंच नाही! व्हर्बोस (-v, म्हणजे सविस्तर दाखवणारा) पर्याय लावून चालवा, म्हणजे एकेक उदाहरण पास होताना दिसेल.

मी हे आधी शिकायला सांगतो, कारण उदाहरण लिहायचं तर फंक्शनला काय द्यायचं आणि त्यातून काय परत येणार, हे आधी ठरवावं लागतं. शिवाय इंटरप्रिटरमध्ये (जिथे एकेक ओळ लिहून लगेच चालवता येते) हेल्प (help) लिहून कंसात तुमच्या फंक्शनचं नाव टाकलंत, की तुमचाच मजकूर समोर येतो. लायब्ररीतल्या फंक्शनांची माहितीही तिथेच मिळते, त्यामुळे ती वाचायची भीती जाते.

राहिला भाषेचा प्रश्न. तुमचा कोड तुमची भाषा न येणारं कुणीही वाचणार नाही याची १२० टक्के खात्री नसेल, तर कॉमेंट इंग्रजीत लिहा, असं पेप ८ सांगतो. सरावाच्या फाइलींबद्दल ती खात्री असतेच, तिथे बिनधास्त मराठीत लिहा. गिटहबवर (इतरांना कोड दाखवायच्या साइटवर) टाकायची वेळ आली की कॉमेंट आणि नावं बदलून घ्या.